पितळेचा गुडघा

आमच्या गाडीचा सनवायझर तिथीने मोडला, पण त्यात तिचा दोष नाही. दीड वर्षाच्या मुलीला जगाचं जेवढं कळतं, त्या हिशेबाने ती अगदी बरोबर वागली. जन्मल्यापासून तिने पाहिलंय की वरून काही लोंबत असलं की ते ओढायचं असतं. ओढलं की झोका मिळतो, आणि झोका मिळाला की कोणीतरी गातं. निकुंजने गाडीत चालकाच्या जागी बसून तिला मांडीवर घेतलं, डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून सनवायझर खाली केला, आणि तिने तो दोन्ही मुठींत धरून स्वतःला सोडून दिलं. कड असा आवाज झाला. मग तिने वर बघून गाण्याची वाट पाहिली.

निकुंज म्हणजे माझा नवरा. बँकेत आहे, त्यामुळे नुकसान झालं की तो आधी त्याची वर्गवारी करतो. "किरकोळ आहे," त्याने जाहीर केलं. सनवायझर त्या वेळी त्याच्या चष्म्यावर लोंबत होता.

एरवी ते किरकोळच असतं. जगात कितीतरी लोक सनवायझरशिवाय सुखाने जगत असतील. पण येत्या सोमवारी मला ध्रोळच्या शाळेत रुजू व्हायचं होतं. तिथी झाल्यानंतरची ही पहिली नोकरी, आणि ती मिळाली तेव्हा मी देवाला दिवा लावण्याआधी न्हाणीघरात जाऊन थोडी नाचले होते. बसने गेले असते तर परत येईपर्यंत तिथी झोपलेली असती, आणि आईला फक्त झोपलेली मुलगी बघायला मिळणार असेल तर ती नोकरी नको असं मीच ठरवलेलं. म्हणून गाडी. आता जामनगरहून ध्रोळ पूर्वेला. म्हणजे सकाळी जाताना सूर्य समोर आणि संध्याकाळी येतानाही सूर्य समोर. त्याने जणू माझ्याच वेळापत्रकावर सही केली होती.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे बांना, हे सगळं आधीपासून पसंत होतं असं नाही. पण त्या नाही म्हणत नाहीत. त्या अट घालतात. तुटका सनवायझर त्यांनी बोटाने हलवून पाहिला, दाराच्या वरच्या छज्ज्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हा गाडीचा छज्जाच की. डोळ्यात ऊन घेऊन लेकुरवाळी बाई हमरस्त्यावर जाणार नाही. छज्जा लागला की जा. नाही लागला तर त्या शाळेला म्हणावं, दुसरी बघा."

शाळेच्या बाईंनीही मला साधारण हेच सांगितलं होतं, फक्त उलट बाजूने. सोमवारी आला नाहीत तर दुसरी बघू.

मी आधी शहाण्यासारखी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे टाय लावलेल्या मुलीने मला थंड पाणी दिलं, ताई म्हटलं, आणि तुटलेल्या भागाचं नाव विचारलं. मी म्हटलं, सनवायझर छताला जिथे बसतो तिथला तो वळणारा सांधा. ती म्हणाली, त्याला वेगळं नाव नाही. नाव नाही म्हणजे नंबर नाही, नंबर नाही म्हणजे तो भाग नाही. मी पिशवीतून तो भाग काढून तिच्यासमोर ठेवला. (अर्धाच होता. उरलेला अर्धा तिथीच्या गालात सापडला, तो मी रुमालात वेगळा आणला होता.) तिने तो आदराने पाहिला आणि सांगितलं की संपूर्ण सनवायझरच घ्यावा लागेल, आमच्या मॉडेलचा करडा रंग आता बंद झालाय, बदामी रंगात मिळेल, पण बदामीत सध्या फक्त डाव्या बाजूचा शिल्लक आहे.

"गाडी उजव्या बाजूला बसून चालवतात," मी म्हटलं.

"हो ताई," ती म्हणाली. "उजव्याची मागणी टाकते. महिना धरा."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा पप्पा, माझे सासरे, झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता मध्येच थांबला.

"जामनगरात?" त्यांनी विचारलं.

एवढंच. पण त्या एका शब्दात त्यांच्या आयुष्याची सगळी वर्षं भट्टीसमोर उभी होती. जगात कुठल्याही घरात काहीही उघडत-मिटत असेल, तर त्यात एक तरी तुकडा आमच्या गावच्या पितळेचा असतो, असं पप्पांचं म्हणणं आहे. ते सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही. नळाची तोटी, दाराची कडी, पेनाचं टोक, घड्याळाच्या पोटातलं चाक. टीव्हीवर परदेशातला कुठला राजवाडा दाखवला की सगळे झुंबर बघतात, पप्पा बिजागऱ्या बघतात. कारखाना त्यांनी पुतण्यांच्या हवाली केला त्याला बराच काळ लोटला, कारण एकुलता एक मुलगा बँकेत गेला. पण हात काही निवृत्त झाले नव्हते. तिथीच्या पाळण्याचा आकडासुद्धा त्यांनी स्वतः ओतलाय. इतका गुळगुळीत की पाळणा हलतो तेव्हा कुरकुर पाळण्याची येत नाही, तिथीचीच येते.

"प्लास्टिकच्या गुडघ्यासाठी महिनाभर थांबायचं," ते म्हणाले, "जामनगरात." मग चप्पल घालून ते लवजीकाकांकडे गेले.

लवजीकाका पप्पांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. त्यांचा कारखाना पप्पांच्या कारखान्यासमोरच. दोघांनी आयुष्यभर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली आणि चारचा चहा रोज एकत्र घेतला. तुटलेला सांधा त्यांनी डोळ्याजवळ धरला. एक गोल डोक्याची खुंटी, आणि ती ज्यात बसून फिरते ती वाटी.

"गुडघा आहे," लवजीकाका म्हणाले.

"गुडघाच आहे," पप्पा म्हणाले.

त्यांचं ज्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं, ती ही पहिली आणि शेवटची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पितळवाले लोक एक नग बनवत नाहीत. त्यांना तो बनवताच येत नाही, जसं कुणाला एकच शेंगदाणा खाता येत नाही. "एका नगासाठी भट्टी पेटवू? गाव काय म्हणेल?" लवजीकाकांनी मलाच विचारलं. गाव काय म्हणेल याचा मला अंदाज नव्हता. त्यामुळे संध्याकाळी पप्पा घरी आले तेव्हा त्यांच्या हातात एक गुडघा नव्हता, टोपलीभर गुडघे होते. सोन्यासारखे चमकणारे, कानशीने घासून काढलेले, प्रत्येकाची खुंटी त्याच्या वाटीशेजारी.

बांनी टोपलीत डोकावून पाहिलं. "तिथीचे आजोबा आज दुपारी झोपले नाहीत," त्या मला हळूच म्हणाल्या. आमच्याकडे दुपारी एक ते चार अख्खं गाव झोपतं, दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला जागा राहिल्याबद्दल रागावतो. "लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस दुपारी झोपला होता. मांडवात."

पहिला गुडघा बसवताना आमच्या सोसायटीतले सगळे फाटकाशी जमले. पप्पांनी खुंटी वाटीत ठेवली, हातोडीचा एक हलका ठोका दिला. टक. इतका सुंदर बसला की नंतर तो हललाच नाही. ना पुढे, ना मागे, ना बाजूला. सनवायझर खाली होता, तो खालीच राहिला, नाटकाचा पडदा अडकावा तसा. पप्पांनी जोर लावला, लवजीकाकांनी लावला, दोघांनी मिळून लावला तेव्हा गाडी हलली.

"पितळेला थोडा वेळ द्यावा लागतो," लवजीकाका म्हणाले.

"तू घाई केलीस लेथवर," पप्पा म्हणाले.

शेजारचे प्रभुलालकाका वीज मंडळातून निवृत्त झालेत, आणि मंडळ त्यांच्या सल्ल्याशिवाय कसं चालत असेल ही चिंता त्यांना असते. त्यांनी सुचवलं, "एरंडेल घाला. एरंडेलाने न हलणारं काही मी पाहिलेलं नाही." यावर बायकांमध्ये थोडं हसू झालं, पण एरंडेल घातलं गेलं. दुसऱ्या दिवशी निकुंज त्या खाली अडकलेल्या सनवायझरखालून, ठेंगण्या देवळाच्या दारातून शिरावं तशी मान वाकवून, गाडी चालवत बँकेत गेला. एरंडेल वाटेत हलकेच खाली येत राहिलं. तो दिवसभर पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर हात ठेवून बसला होता. मॅनेजरांनी विचारलं, खांदा दुखतोय का. तो हो म्हणाला. त्यांनी त्याला एक तेल सुचवलं.

दुसरी टोपली सैल निघाली. म्हणजे पप्पांच्या मते लवजीकाकांनी ती रागाने सैल केली. सनवायझर आता बोटाच्या स्पर्शाने वर जायचा, आणि स्पर्शाशिवायही खाली यायचा. मला ते उशिरा कळलं. बांना घेऊन मी भाजीबाजारात निघाले होते. त्या पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसल्या होत्या, आणि माझं सगळं भवितव्य त्या फेरीवर आहे हे ओळखून मी बैलगाडीच्या वेगाने चालले होते. येताना गतिरोधक आला. मी तो इतक्या नाजूकपणे पार केला की परीक्षकाने पाठ थोपटली असती. आणि सनवायझर वरून सुटून थेट माझ्या नाकावर बसला.

मी ब्रेक दाबला. बांच्या मांडीवरची वांगी पायाशी गेली. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या माहेरची चौकशी केली. बांनी वाकून एकेक वांगं उचललं, पुसलं, पिशवीत ठेवलं, आणि मग माझ्या नाकाकडे पाहिलं. घरापर्यंत त्या नाकाकडेच पाहत होत्या.

नाक सुजलं. सुजलेल्या नाकाला लोकांच्या कल्पनेत एकच कारण असतं. पलीकडच्या रसीलाबेन हळदीचा लेप घेऊन आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि निकुंजकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "सनवायझर लागला," मी सांगितलं. "हो गं बाई," त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीला दार लागायचं." त्या आठवड्यात निकुंज फाटकातून जाताना बायका बोलायच्या थांबत. तो बिचारा घरात मला पाणीसुद्धा दोन्ही हातांनी द्यायला लागला.

प्रभुलालकाकांचं डोकं मात्र वेगळ्या दिशेने चाललं होतं. "झंखनाबेन," ते म्हणाले, "चूक गुडघ्याची नाही. चूक शाळेची आहे. पश्चिमेची शाळा घ्या. खंभाळियाला घ्या. सकाळी सूर्य पाठीशी, संध्याकाळीही पाठीशी. माणसाने नोकरी घेताना पगार विचारावा, आणि दिशा विचारावी." खरं सांगायचं तर त्या सगळ्या आठवड्यात मला मिळालेला एवढा एकच बिनचूक सल्ला होता. पण खंभाळियाच्या कुठल्याच शाळेला मी नको होते.

तिसऱ्या टोपलीबद्दल थोडक्यात सांगते, कारण पप्पांना तो विषय आवडत नाही. सैलपणावर उपाय म्हणून त्यांनी गुडघा भरीव आणि जाड केला. तो वळत होता, थांबत होता, सगळं छान होतं. फक्त त्याच्या वजनाने गाडीच्या छताचं कापड हळूहळू सुटत आलं आणि सकाळी आम्ही दार उघडलं तेव्हा आत लग्नाचा मांडव उतरवल्यासारखं दिसत होतं. तिथी एवढी खूश झाली की तिला बाहेर काढताना ती रडली.

तोवर घरात टोपल्याच टोपल्या झाल्या होत्या. बांनी काही गुडघे पडद्यांना लावले. काही मसाल्याच्या डब्यांच्या झाकणांवर मुठी म्हणून बसले. रसीलाबेनच्या गायीच्या घंटेत एक लोळा म्हणून वाजत होता. तिथी दोन हातांत दोन घेऊन झोपायची. शनिवार उजाडला होता, आणि मी मनातल्या मनात शाळेच्या बाईंना करायच्या फोनची वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य "मॅडम, आमचा गुडघा" असं सुरू व्हायचं आणि तिथेच अडायचं.

पण मी त्या दुपारी लवजीकाकांच्या कारखान्यात चहाचा थर्मास घेऊन गेले, आणि जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. सगळी गल्ली झोपलेली. शटरं खाली. आणि एका अर्ध्या उघड्या शटराआड दोन म्हातारे शेजारी शेजारी उकिडवे बसलेले, अंगात गंजीफ्रॉक, केसांवर पितळेची पूड, जणू दोघांना हळद लागलीय. लवजीकाकांच्या तळहातावर एक खुंटी होती, आतून पोकळ केलेली, हलकी. पप्पा ती वाटीत फिरवत होते आणि दोघं कान देऊन ऐकत होते. बघत नव्हते, ऐकत होते. डॉक्टर मुलाच्या छातीला नळी लावून ऐकतो तसे.

"अजून एक घास घे," पप्पा म्हणाले.

"घेतला तर सैल जाईल."

"नाही जात. हळू घे."

लवजीकाकांनी कानस एकदा, फक्त एकदा, फुंकर घातल्यासारखी फिरवली. पप्पांनी खुंटी बसवली, वळवली. टक.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग लवजीकाका मला म्हणाले, "ऐकलंस ना पोरी? दार आपटल्यासारखा नाही. अडकित्ता सुपारीतून जातो तसा."

मी शाळेत मुलांना समाजशास्त्र शिकवते. कारागीर, हस्तकला, परंपरा हे शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असतील. त्या दिवशी मला कळलं की या शब्दांचा एक आवाजही असतो.

संध्याकाळी पुन्हा सगळे फाटकाशी जमले. आमचं फाटक पश्चिमेला, सूर्य समोरच्या टाकीवर उतरलेला, म्हणजे परीक्षेला यापेक्षा चांगली वेळ नाही. पप्पा चालकाच्या जागी बसले, सनवायझर खाली केला. टक. "वा," प्रभुलालकाका म्हणाले. मग लवजीकाका बसले. टक. मग निकुंज. टक. प्रभुलालकाकांना गाडी चालवता येत नाही, तरी तेही बसले. प्रत्येकजण उतरताना असा चेहरा करत होता, जणू आत प्रसाद वाटत आहेत.

सगळ्यांत शेवटी मला बसवलं. पप्पांनी खिडकीतून हात घालून स्वतः सनवायझर खाली केला. टक. खरंच, ओठांवर हसू यावं असा आवाज होता. आणि त्याच्या खालच्या कडेखालून अख्खा सूर्य माझ्या डोळ्यांत आला.

यातही कुणाचा दोष नाही. आमच्या घरात पुरुष उंच आहेत आणि बायका आम्ही दोघी आहोत, मी आणि बा. आम्हाला वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागतं. कंपनीने आमची गाडी बनवताना स्टुलाचा विचार केलेला नव्हता. सीट पुढे-मागे होते, वर होत नाही. आठवडाभर त्या गुडघ्याचं सगळं मोजलं गेलं होतं, फक्त त्याच्याखाली कोण बसणार हे सोडून. आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

खिडकीत चार चेहरे होते. पप्पांच्या भुवयांत अजून पितळ चमकत होतं.

"कसं?" त्यांनी विचारलं.

"अंधार झाला पप्पा," मी म्हटलं. "काहीच दिसत नाही."

हे एका अर्थी खरंच होतं. सूर्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं होतं. पप्पांनी ते पाहिलं, आणि खांद्यावरच्या टॉवेलने स्वतःचे डोळे पुसले. लवजीकाकांनीही पुसले. प्रभुलालकाका म्हणाले, "पोरीला भरून आलं." बा दाराशी उभ्या होत्या, तिथीला कडेवर घेऊन. त्यांनी डोळे पुसले नाहीत. त्या माझ्याकडे, आणि मग सूर्याकडे, आणि मग परत माझ्याकडे बघत होत्या.

रविवारचा दिवस मी कसा काढला ते विचारू नका. सांगावं तर त्या दोन म्हाताऱ्यांचा टक हिरावला जाईल. पुन्हा भट्टी, पुन्हा टोपली, आणि तेवढ्यात सोमवार हातचा जाईल. न सांगावं तर हमरस्त्यावर डोळ्यात ऊन घेऊन मीच, आणि घरी वाट बघणारी तिथी. दुपारी सगळे झोपल्यावर मी आरशासमोर उभी राहून मान किती लांब करता येते ते पाहिलं. फार नाही. चार वाजेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, शाळेला फोन करायचा. ताप आलाय म्हणायचं. ताप खरा की खोटा हे निदान कुणी कान लावून ऐकत नाही.

संध्याकाळी पप्पा आणि निकुंज लवजीकाकांकडे गेले, विजयाच्या कचोऱ्या खायला. मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले, आणि थांबले.

गाडीत, चालकाच्या जागी, बा बसल्या होत्या.

त्या तिथे आयुष्यात कधी बसल्या नव्हत्या. पाय खाली पोचत नव्हते, ते लोंबत होते. मांडीवर तिथी. एक हात स्टिअरिंगवर असा ठेवलेला, जसा आपण दुसऱ्याच्या बाळाला हात लावतो. दुसऱ्या हाताने त्यांनी सनवायझर वर केला, खाली केला. टक. तिथीने टाळी वाजवली. मग बा त्याच्या कडेखालून, डोळे बारीक करून, समोरच्या सूर्याकडे बघत राहिल्या. बाजारात गहू घेताना मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघतात तशा.

मी फोन परत ठेवला. का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

जेवणं झाल्यावर मी तिथीला पाळण्यात घालून दोरी ओढत होते, तेव्हा बांच्या खोलीतून काठीने कापूस झोडल्याचा आवाज येत होता. पप्पांनी विचारलं, या वेळी काय काढलंय. "उशीचा कापूस बसला होता," बा म्हणाल्या.

सोमवारी सकाळी मी डबा आणि पर्स घेऊन बाहेर आले. चालकाच्या सीटवर एक जाड, घट्ट, चौकोनी गादी होती. लाल बांधणीची, पिवळ्या ठिपक्यांची. ती बांधणी मी ओळखली. सणासुदीला बा ती कपाटातून काढायच्या, उन्हात धरायच्या आणि परत ठेवायच्या.

"हे काय?" पप्पा झोपाळ्यावरून म्हणाले.

"सीट तापते," बा म्हणाल्या. "झंखनाला घामोळं येतं."

"आत्ता? सकाळी?"

"येताना तापते."

पप्पांना यातलं शास्त्र पटलं नाही, पण घामोळ्याच्या विषयात पुरुषाने किती खोल जायचं याला मर्यादा असते. ते सुपारीकडे वळले. मी गादीवर बसले. जग एका वितीने खाली गेलं. मी सनवायझर खाली केला, टक, आणि त्याची कडा अशी येऊन डोळ्यांवर थांबली, जशी आई कपाळावर आडवा हात धरते.

बा खिडकीशी आल्या, तिथीचा हात माझ्या गालाला लावायच्या निमित्ताने वाकल्या, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "छज्जा त्यांनी चांगलाच केलाय. उंबरठा तेवढा ठेंगणा होता."

ध्रोळपर्यंत सूर्य समोर होता. मला त्याचा पत्ताही लागला नाही. शाळेच्या बाईंनी विचारलं, वाटेत ऊन लागलं का. मी म्हटलं, आमच्याकडे गुडघा आहे. त्यांनी हजेरीचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

परत आले तेव्हा पप्पा फाटकातच उभे होते. माझी विचारपूस नाही, शाळेची नाही. "बोलला का?"

"जाताना बोलला, येताना बोलला."

त्यांनी मान हलवली आणि ही बातमी लवजीकाकांना द्यायला गेले. पुढचे काही दिवस गावात ज्याला ज्याला कान होते, त्याला त्याला कळलं की पप्पांच्या, म्हणजे दामजीभाईंच्या, गुडघ्याने त्यांची सून ध्रोळला जाते. बा शेजारी बसून म्हणायच्या, "पितळेचीच कमाल," आणि भाजी निवडायच्या.

गादीत एकच खोट होती. ब्रेक लागला की ती बांधणीच्या रेशमावरून माझ्यासकट पुढे घसरायची. मी ते फक्त बांना सांगितलं, तेही पप्पा नसताना.

पण पुढच्या रविवारी पप्पा गाडी धुवायला म्हणून आत बसले, आणि त्यांचं डोकं छतावर आदळलं. मी ओट्यावर तिथीला भरवत होते. बा तांदूळ निवडत होत्या. पप्पा बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांनी गादीवर बसूनच सनवायझर खाली केला. तो त्यांच्या हनुवटीपर्यंत आला. मग त्यांनी गादी काढून खाली ठेवली आणि पुन्हा केला. मग ते उतरले, गादी हातात घेऊन उभे राहिले, बांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत, पट्टी लावून पाहावं तसं. बांनी सुपातून एक खडा काढून टाकला.

गादी बगलेत मारून पप्पा लवजीकाकांकडे गेले. त्या दुपारी ते पुन्हा झोपले नाहीत.

सोमवारी सकाळी गादी सीटवर जागच्या जागी होती. मी दार उघडून नेहमीसारखी धपकन बसले आणि खालून आवाज आला. एकदा नाही, चारही कोपऱ्यांतून.

मी वाकून पाहिलं. गादीच्या चार कोपऱ्यांना चार खुंट्या शिवल्या होत्या, सीटवर चार वाट्या बसवल्या होत्या. पहिल्या टोपलीतले गुडघे. ते घट्ट, हट्टी, एरंडेलाने न हललेले. आता त्यांना कुठे वळायचंच नव्हतं. मी गादी ओढून पाहिली. गाडी हलली, गादी हलली नाही.

"सीट तापते ना," पप्पा झोपाळ्यावरून, माझ्याकडे न बघता म्हणाले. "घसरू नये म्हणून."

"घामोळ्याला चांगलं असतं," बा म्हणाल्या.

त्यांच्या कडेवर तिथी होती. तिने तो चारपदरी टक ऐकला, वर पाहिलं, आणि गाण्याची वाट बघत तशीच थांबली. मग पप्पांनी अडकित्ता बाजूला ठेवला, घसा खाकरला, आणि ज्या आवाजाने त्यांनी आयुष्यभर भट्टीपलीकडच्या माणसांना हाका मारल्या होत्या, त्या आवाजात अंगाईची पहिली ओळ म्हटली. त्यांना पुढची येत नव्हती. ती बांनी म्हटली.